रापणीचा वाटा

रापण ज्याने ओढताना पाहिली आहे, त्याला किनाऱ्याचं अर्थकारण वेगळं शिकवावं लागत नाही. होडी किनाऱ्यावरून निघते, मोठा अर्धगोल घेत पाण्यात जाळं सोडत जाते आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा किनाऱ्याला लागते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर मग वाळूत उभ्या असलेल्या माणसांच्या हातात येतात. एका बाजूला वीस-पंचवीस, दुसऱ्या बाजूला तितकीच. त्यात म्हातारे असतात, शाळेतली पोरं असतात, बायकाही असतात. हळूहळू, एका लयीत, पाय वाळूत रोवत जाळं ओढलं जातं. तास-दोन तासांनी त्याचं पोट किनाऱ्याला लागतं. कधी तारली-बांगड्याने ते चमकत असतं, तर कधी मूठभर पेडवे सोडले तर हाती काही लागत नाही.

त्यानंतर वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि दोर ओढणाऱ्या हातांचा वाटा. वाटेने जाताना कुणी दोराला हात लावून उभा राहिला, तर त्यालाही कालवणापुरती मासळी मिळते. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर ही रीत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. यांत्रिक बोटी आणि पर्ससीन जाळी आल्यापासून रापणीला मासळी कमी लागते, रापण संघही कमी झाले. वाट्याचा हिशेब मात्र बदललेला नाही.

कोकणच्या विकासाबद्दल गेली चाळीस वर्षं पुष्कळ बोललं गेलं. प्रकल्प आले, घोषणा झाल्या, आंदोलनं झाली. या सगळ्याकडे बघायला मला रापणीइतकं चोख माप दुसरं सापडलेलं नाही. दोर कुणाच्या हातात आहे आणि वाटा कुणाच्या पदरात पडतो, हे दोन प्रश्न विचारले की कोणत्याही योजनेची परीक्षा होते. या लेखात मी किनाऱ्यावरच्या काही प्रयत्नांना हे माप लावून पाहणार आहे. त्यांतले काही तगले, काही अडखळले. सगळे आकाराने लहान आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याकडे नीट पाहायला हवं.

मनीऑर्डरीचा मुलूख

आधी या मुलखाची आर्थिक घडण समजून घेऊ. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख १५ हजार भरली. दहा वर्षांपूर्वी ती सुमारे १६ लाख ९७ हजार होती. सिंधुदुर्गातही तेच झालं, ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजार. देशभर माणसं वाढत असताना हे दोन जिल्हे आकसत होते. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. मुलींच्या जन्माबद्दल समाधान मानावं असा हा आकडा नाही. कामाच्या वयाचे पुरुष जिल्हा सोडून गेल्याची ती नोंद आहे.

हे आजचं नाही. मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या त्या बऱ्याच अंशी कोकणी हातांवर. बापाने गिरणीत राबायचं, आईने गावची भातशेती आणि सासू-सासरे सांभाळायचे, दर महिन्याला पोस्टमनने मनीऑर्डर आणायची आणि गणपती-शिमग्याला चाकरमान्याने यायचं, अशी घरं तीन-चार पिढ्या चालली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि तो आधार कायमचा कोसळला. तरी गावं मुंबईच्याच तोंडाकडे बघत राहिली, कारण गावात रोख पैसा हातात पडेल असं दुसरं काहीच नव्हतं. भात घरापुरतं. आंबा-काजू ज्याची बाग त्याचा. मासळी ज्याची बोट त्याची.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. या दोन्ही गोष्टींनी कोकणाचं दार उघडलं. पण उघड्या दारातून माणूस आत येतो तसा बाहेरही जातो. गाडीने पर्यटक आणले, तशीच दहावी-बारावी झालेली मुलं अधिक सहज मुंबई-पुण्याला पोचवली. रस्त्याकडेची, समुद्राला लागून असलेली जमीन विकली जाऊ लागली. जमीन विकणाऱ्याचाच मुलगा त्या जागी उभ्या राहिलेल्या रिसॉर्टवर पहारेकरी झाल्याची उदाहरणं किनाऱ्यावर हवी तेवढी सापडतात. पैसा आला. दोर मात्र हातातून सुटला.

टोपलीखाली काय आहे

रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, बाणकोटच्या खाडीजवळ, मंडणगड तालुक्यात वेळास आहे. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. खाडीच्या पलीकडे रायगड जिल्हा आणि हरिहरेश्वर. बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवून वेसवीला उतरायचं, बाणकोटच्या किल्ल्याखालून पुढे जायचं, की माडा-पोफळींच्या वाड्यांत बुडालेलं हे गाव लागतं. पंचवीस वर्षांपूर्वी इथे मुद्दाम यावं असं बाहेरच्या माणसाला काही कारण नव्हतं.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या नोंदी घेत हा किनारा फिरत होते. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं इथे अंडी घालायला येतात, आणि ती अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसं उकरून नेतात, हे तेव्हा लक्षात आलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. पण रात्री दोनच्या सुमाराला निर्जन वाळूवर कायदा पोचत नाही. तिथे गावातलाच माणूस पोचतो.

म्हणून काम गावातल्या माणसांवरच सोपवलं गेलं. अंडी कुठे असतात हे ज्यांना नेमकं माहीत होतं, त्यांचीच नजर राखणीच्या कामी आली. पहाटेच्या काळोखात किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी उमटलेली रांगण्याची खूण शोधायची, ती जिथून परत फिरली असेल तिथे काठीने हलकेच चाचपायचं. वाळू भुसभुशीत लागली की खाली घरटं असतं. सुरईच्या आकाराच्या त्या खड्ड्यात शंभर-दीडशे अंडी असतात. ती अलगद काढून, कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा, तशाच आकाराचा खड्डा करून पुरायची आणि त्यावर तारखेची पाटी लावायची. पुढचे सुमारे पन्नास दिवस वाळूच्या उबेचे. पिल्लू नर होणार की मादी, हेसुद्धा ती ऊबच ठरवते.

दिवस भरत आले की घरट्यावर टोपली उपडी घालून ठेवतात. सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची. एखाद्या सकाळी टोपली उचलावी तो खाली तळहातात मावतील अशी काळसर पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत असतात. ती मोजून घेतात, वाळूवर पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात, आणि ती आपापल्या चालीने लाटेकडे निघतात. हजारात एखादंच मोठं होतं असं जाणकार सांगतात. जी मादी वाचते ती मोठेपणी अंडी घालायला किनाऱ्यावर येते.

ही टोपली उचलण्याची घटका पाहायला लोक आनंदाने येतील, हे संस्थेने आणि गावाने ओळखलं. २००६ मध्ये वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. इथे गावाने एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते सगळं यश त्या निर्णयात आहे. गावात हॉटेल नव्हतं आणि ते बांधायच्या मागे कुणी लागलं नाही. पाहुण्यांना घरांतच उतरवलं. ओसरीवर, माजघरात, माडीवर सतरंज्या-गाद्या घातल्या. आंघोळीचं पाणी परसातल्या चुलीवर तापलं. जेवायला घरी होतं तेच, फक्त चार माणसांऐवजी चौदा माणसांचं. घावन, आंबोळी, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी, आणि सुटीच्या दिवशी मोदक.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याचा रुपया मालकाकडे जातो. त्यातला मोठा भाग कर्जाच्या हप्त्याला, शहरातून आणलेल्या मालाला आणि बाहेरून आणलेल्या माणसांना लागतो. घरात उतरलेल्या पाहुण्याचा रुपया घरधनिणीच्या हातात पडतो. ती नारळ शेजारच्या वाडीतून घेते, दूध गावातून घेते, वाढायला-भांड्याला जाऊबाईला बोलावते. रिक्षावाला, किराणावाला, कोकम-आगळ करणारी, सगळ्यांकडे थोडं थोडं पोचतं. नवऱ्याच्या मनीऑर्डरीवर महिना काढणाऱ्या बाईच्या हातात पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या कामाचे पैसे येतात, तेही उंबरा न ओलांडता. हा रापणीचाच वाटा आहे, घराच्या ओसरीवर पडलेला.

कासवाचंही यात भलं झालं. अंडी विकून एकदाच चार पैसे मिळत. तीच अंडी राखली तर त्यांच्या निमित्ताने पाहुणे दर वर्षी येतात. गावाला हे पटवायला व्याख्यानं लागली नाहीत, पहिल्या काही वर्षांच्या हिशेबाने ते पटलं. आज आंजर्ले, केळशी, गुहागर, गावखडी, माडबन, आणि खाली वेंगुर्ल्याच्या वायंगणीपर्यंत किनाऱ्या-किनाऱ्यावर कासवमित्र आहेत. वन विभाग आणि कांदळवन कक्ष या कामात उतरले आहेत. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं गेलं. पश्चिम किनाऱ्यावरची तशी ती पहिली, म्हणून तिचं नाव ‘प्रथमा’ ठेवलं. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातली कासवं आणि अरबी समुद्रातली कासवं वेगळी, असं मानणाऱ्यांना तिने विचार करायला लावलं. या नोंदींच्या मुळाशी पहाटे वाळूवर चालणारी गावातलीच माणसं आहेत.

मालवणचा धडा

याच्या उलट उदाहरण मालवणचं आहे. १९८७ मध्ये मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून अधिसूचित झाला. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. तिथली प्रवाळं आणि जैवविविधता राखायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. पण ज्या पाण्यावर शेकडो घरांची चूल पेटते, त्या पाण्याभोवती रेषा आखताना त्या घरांना विचारलं गेलं नाही. मासेमारी बंद होणार या भीतीने मच्छीमारांनी विरोध केला आणि तो विरोध पुढची अनेक वर्षं टिकला. अभयारण्य कागदावर राहिलं, अविश्वास मात्र किनाऱ्यावर उरला.

वेळासला कासव वाचलं आणि मालवणला अभयारण्य अडलं, याचं कारण निसर्गात नाही. मालवणच्या माणसाला समुद्राची कळकळ कमी आहे असं कुणी म्हणेल तर ते धादांत खोटं आहे. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या विरोधात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त लढला तो इथला रापणकर आणि गिलनेटवाला. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, त्यामागे या पारंपरिक मच्छीमारांचा रेटा होता. त्यांना नको होतं ते त्यांच्या माघारी केलेलं रक्षण.

वल्हं तिच्या हातात

हा धडा पुढच्या काळात काही प्रमाणात गिरवला गेला. २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गात एक प्रकल्प चालला, आणि २०१७ मध्ये राज्याने कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना सुरू केली. योजनेचा गाभा साधा होता. खाडीकाठच्या लोकांनी तिवरं तोडू नयेत असं वाटत असेल, तर उभ्या तिवरांतून त्यांना चार पैसे मिळाले पाहिजेत.

त्यातून वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत एक गोष्ट घडली. मच्छीमार घरांतल्या बायकांच्या स्वामिनी बचत गटाने २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. मासळी बाजारात पाटी घेऊन बसणं ही या बायकांच्या सवयीची गोष्ट. होडी मात्र पुरुषांची. त्यांनी वल्हं मारायचं शिक्षण घेतलं, लाइफ जॅकेट चढवलं, पाहुण्यांना होडीत बसवलं आणि भरतीच्या पाण्यात खाडीच्या आत नेलं. चिपी कोणती, कांदळ कोणतं, तिवर कोणती, मातीतून सुयांसारखी वर आलेली मुळं कशासाठी, ढोकरी आणि बगळा कुठे बसतो, हे सगळं त्या सांगू लागल्या. जे झाड त्यांच्या घरी सरपण म्हणूनच ओळखीचं होतं, त्याची नावानिशी ओळख करून देणं हा त्यांचा व्यवसाय झाला. पांढरी चिपी २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष ठरली, पण तिची थोरवी मांडवीच्या होडीत त्याच्या आधीपासून सांगितली जात होती.

इंजीन नसल्यामुळे पक्षी उडून जात नाहीत आणि डिझेलचा खर्चही नाही. भांडवल म्हणजे होड्या, वल्ही आणि बायकांचे दंड. वाटा गटात पडतो. माप लावून पाहिलं तर वेळासप्रमाणे इथेही दोर त्यांच्याच हातात आहे.

कुर्ल्या आणि कालवं

सगळंच असं जमलेलं नाही. त्याच योजनांतून खाडीत जाळीचं कुंपण घालून कुर्ल्या वाढवायचे प्रयत्न झाले, बांबूच्या तराफ्यांवर कालवं आणि शिणाणे वाढवले गेले. कल्पना उत्तम. खाडीतली मोठी कुर्ली जिवंत विकली की चांगला भाव मिळतो आणि गोव्याची बाजारपेठ जवळ आहे. पण कुर्लीची पिल्लं लागतात, आणि ती तमिळनाडूतल्या राजीव गांधी जलसंवर्धन केंद्रासारख्या ठिकाणाहून एवढा लांबचा प्रवास करून यायची. वाढताना कुर्ली कवच टाकते. नवं कवच टणक होईपर्यंत ती मऊ असते, आणि तेवढ्यात शेजारची कुर्ली तिला खाऊन टाकते. खायला रोज मासळी लागते. जाळी फाटली की महिनोन् महिन्यांची मेहनत एका रात्रीत खाडीत जाते. बाजारात नेण्याजोगी व्हायला सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो. तेवढा वेळ रोज राखण करायची आणि हातात काही नाही, हे हातावर पोट असलेल्या गटाला परवडत नाही.

कालवांचं तसं नाही. पाण्यातून ती स्वतःचं अन्न स्वतः गाळून घेतात, खाऊ घालावं लागत नाही. तिथे अडचण विक्रीची. मोठ्या हॉटेलांना ठरावीक आकाराचं, ठरावीक दिवशी, स्वच्छ करून दिलेलं कालव हवं असतं. गावच्या बाजारात त्याला तो भाव नाही. मधला दुवा नसेल तर तराफे चांगले भरतात आणि गट तोट्यात जातो.

यातून काय शिकायचं? अनुदानाने वस्तू मिळते. जाळी, तराफा, पिल्लं सगळं मिळतं. पण पहिली तीन-चार वर्षं कुणीतरी गावात राहून साथ द्यावी लागते, पिल्लांची सोय जवळ करावी लागते, गिऱ्हाईक आधी शोधावं लागतं. वेळासला एका संस्थेची माणसं वर्षानुवर्षं येत राहिली. प्रकल्पाची मुदत संपली म्हणून ती उठून गेली नाहीत. पैशाच्या आधी तिथे सातत्य आलं. ज्या योजनांच्या आखणीत मार्चअखेरचा खर्च असतो आणि पुढचा पावसाळा नसतो, त्या किनाऱ्यावर टिकत नाहीत.

३ जून २०२०

आणि मग वादळ आलं. मार्च २०२० च्या टाळेबंदीने महोत्सवाचा भर हंगाम थांबला होताच. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. खाडीच्या अलीकडे मंडणगड आणि दापोली तालुके त्याच्या तडाख्यात होते. छपरं उडाली, विजेचे खांब आडवे झाले. वाड्यांमधल्या पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. भात गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात, माडालाही तितकीच. आजोबांनी लावलेली बाग काही तासांत गेली आणि नातवाने लावलेली रोपं उत्पन्न देईपर्यंत त्या घराने काय खायचं, हा प्रश्न उघडा पडला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं.

या प्रसंगात पाहुण्यांच्या पैशाची खरी किंमत कळते, आणि मर्यादाही कळते. बागेचं उत्पन्न बुडालेलं असताना ज्यांच्याकडे हंगामात पाहुणे उतरू लागले, त्यांच्या हातात निदान तेवढी रोकड आली. पण हा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिलचा, आणि त्यातही शनिवार-रविवारचा. त्यावर बारा महिने घर चालत नाही. तो जोडधंदा आहे. त्याला बाग हवी, भात हवं, मासळी हवी. कोकणातलं घर कधी एका पायावर उभं राहिलेलं नाही. त्याला चार पाय लागतात, आणि विकासाचं काम म्हणजे त्यातला एखादा निखळलेला पाय पुन्हा बसवणं.

धोके आणखी आहेत. किनाऱ्यावर प्रखर दिवे लागले की पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे वळतात. वाळू उपसली की मादीला चढायला उतार राहत नाही. उन्हाळा वाढला की वाळू अधिक तापते आणि घरट्यांत माद्यांचंच प्रमाण वाढत जातं. गर्दी वाढली की कुणीतरी बाहेरून येऊन मोठी इमारत बांधणार, कमी पैशात खोल्या देणार, आणि ओसरीवरचे पाहुणे तिकडे वळणार. ज्या गावाने वाट्याचा न्याय आपल्या घरात जपला, त्याला तो कागदावरही जपावा लागेल. किनाऱ्यालगत काय बांधायचं आणि काय नाही, याचा ठराव ग्रामसभेने वेळीच करायला हवा.

वाटा कुणाचा

मोठे प्रकल्प नकोतच असं मी म्हणत नाही. रस्ता हवा, दवाखाना हवा, चोवीस तास वीज हवी, मासळी ठेवायला बर्फाचा कारखाना हवा. हे गावाला स्वतःला उभारता येत नाही, ते सरकारचंच काम आहे. पण रोजगाराच्या नावाने जे येईल त्याला रापणीचं माप लावायचा हक्क किनाऱ्याने सोडू नये. वेळासच्या ओसऱ्या आणि मांडवीच्या होड्या यांनी दाखवून दिलं आहे की गावातली जिवंत गोष्ट जिवंत ठेवूनही पैसा मिळतो, आणि तो बाईच्या हातापर्यंत पोचतो. ते काम लहान आहे, हंगामी आहे, वादळाला उघडं आहे. तरीही गेल्या पंचवीस वर्षांत या किनाऱ्यावर झालेल्या प्रयत्नांत मला तेच सर्वांत खरं वाटतं.

वाचकांना एक विनंती आहे. कासवांच्या हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, किनाऱ्यावर जा. जाण्याआधी गावात फोन करून पिल्लं बाहेर येण्याची शक्यता विचारून घ्या, आणि उतरा ते गावातल्या घरात. पहाटे उठा, वाळूवर दिवा लावू नका, पिल्लांना हात लावू नका. टोपली उचलल्यावर खाली कधी काहीच नसतं. तेव्हा चिडू नका, संध्याकाळपर्यंत थांबा, आणखी एक जेवण त्या घरात जेवा. निघताना पैसे जिने रांधून वाढलं तिच्या हातात द्या.